मावळातील मुरमाच्या वाटांवर सायकल

पुण्याच्या वायव्येस, पवना नदीच्या खोऱ्यात तुंग-तिकोन्याच्या पायथ्याशी वाड्यावस्त्यांना जोडणाऱ्या मुरमाच्या वाटा आहेत. महामार्गावरील ट्रकच्या गर्दीत जीव मुठीत धरून चालवण्यापेक्षा या वाटा बऱ्या, असे मानणाऱ्या सायकलस्वारांसाठी 'ग्रॅव्हल' सायकल आहे. (शब्द परदेशी, मुरूम आपलाच.)

या सायकलचे मर्म टायरमध्ये आहे. शर्यतीच्या सायकलचा २५ ते २८ मिलिमीटरचा कडक टायर खडीवर उसळतो आणि पकड सुटते. ग्रॅव्हल सायकलचा टायर सुमारे ४० मिलिमीटर रुंद, हवेचा दाब जवळपास निम्मा. त्यामुळे तो खड्यांवर दबतो आणि जमीन धरून ठेवतो. मात्र दाब फारच उतरवला, तर धोंड्यावर आपटून रिमला मार बसतो.

पावसाळ्यात भातखाचरांलगतची चिकण माती टायर व फ्रेममधील फटीत बसून चाकच अडवते. शिवाय सुटीच्या दिवशी धरणाकाठी मोटारींची रीघ लागते. त्यापेक्षा दिवाळीनंतरची पहाट उत्तम. सुट्या मुरमाच्या उतारावर वळणाआधीच वेग कमी करावा. वळणात पुढचा ब्रेक दाबल्यास चाक घसरते.

वाट डांबरी झाली की सायकलस्वार हळहळतो, पण गावकऱ्यांना दवाखाना जवळ येतो. ही हळहळ मनातच ठेवलेली बरी. शेताच्या बांधावर सायकल घालू नये. पंक्चरचे साहित्य, हातपंप आणि पाणी जवळ असावे. वाडीवर दुकान असेलच असे नाही.