शिवसागराचें पाणी व भोंवतालचें रान

सरोवरें आणि रानें यांची शोभा पाहावयाची असेल तर परदेशाचीं वर्णनें वाचावीं, अशी आपली एक समजूत असते. आयर्लंडांतील किलार्नी येथील सरोवरें व त्यांच्या कांठचीं ओक वृक्षांचीं जुनीं रानें यांची कीर्ति मोठी आहे, आणि ती यथार्थ आहे. परंतु उंब्रजेहून सकाळीं निघालें असतां दुपारपूर्वीं जेथें पोहोंचतां येतें, असें एक विस्तीर्ण सरोवर व त्यास वेढणारें एक घनदाट रान आपल्याच सातारा जिल्ह्यांत आहे. हें सरोवर म्हणजे कोयनेचा शिवसागर. तें कसें निर्माण झालें, भोंवतालचें रान इतकें दाट कां आहे, आणि या शोभेचें मोल कोणी दिलें, या तीन गोष्टींचा येथें थोडक्यांत विचार करावयाचा आहे.

आपल्या गांवाजवळ तारळी नदी कृष्णेस मिळते, हें आपण रोज पाहतों. कृष्णा महाबळेश्वरीं उगम पावून आपल्या गांवावरून खालीं कऱ्हाडास जाते. तिची बहीण कोयना हीहि महाबळेश्वरींच उगम पावते. पण ती सह्याद्रीच्या दोन रांगांमधील अरुंद दरींतून सरळ दक्षिणेस वाहते, हेळवाकपाशीं एकदम पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास कृष्णेला समोरासमोर भेटते. त्या भेटीस लोकांनीं प्रीतिसंगम असें गोड नांव दिलें आहे. कोयनेच्या या उभ्या दरींत पाऊस अतोनात पडतो. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या कड्यांस अडून वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच रिते होतात. कोयनानगर येथें वर्षाला सरासरी पांच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तेच ढग आपल्या बाजूस येईपर्यंत बहुतेक कोरडे झालेले असतात. याच कारणानें डोंगरापलीकडे रान निबिड, तर आपल्याकडे ज्वारीचीं शेतें व उघडे माळ, असा भेद दिसतो.

एवढें पाणी अरुंद दरींतून वाहून जातें, तें अडविल्यास वीज करतां येईल, हा विचार जुनाच होता. स्वातंत्र्यानंतर तो अमलांत आला. हेळवाकच्या वरच्या अंगास कोयनेवर १०३ मीटर उंच व सुमारें ८०७ मीटर लांब असें धरण बांधण्यांत आलें. तें १९६४ सालीं पुरें झालें. त्याच्या पोटांतील पाणी डोंगराखालच्या बोगद्यांतून पश्चिमेस नेऊन पोफळीच्या बाजूस खोल सोडतात, आणि त्या पतनाच्या जोरावर चाकें फिरून वीज निर्माण होते. चारी टप्पे मिळून या योजनेची शक्ति १९६० मेगावॉट आहे. जें पाणी पूर्वीं पूर्वेकडे वाहून बंगालच्या उपसागरास जावयाचें, त्याचा मोठा वांटा आतां कोंकणांतील वाशिष्ठी नदींत उतरून अरबी समुद्रास मिळतो. मनुष्यानें नदीची दिशाच पालटली, असें म्हटलें तरी चालेल.

धरणामागें जें पाणी सांचलें तोच शिवसागर. याची लांबी पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. परंतु रुंदी त्या मानानें थोडी. नकाशांत पाहिल्यास तो एखाद्या पसरलेल्या फांदीसारखा दिसतो. याचें कारण सोपें आहे. दरींत पाणी चढत गेलें तेव्हां तें मुख्य नदीपुरतें न थांबतां तिला मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्याच्या घळींत शिरलें. सोळशी आणि कांदाटी या नद्या कोयनेस जेथें मिळत, तो तापोळ्याजवळचा संगमहि आतां सरोवराचाच भाग झाला आहे. भाद्रपदांत पाणी अगदीं झाडांच्या मुळांशीं टेंकतें. वैशाखांत तें खालीं उतरतें, आणि रान व पाणी यांच्यामध्यें तांबड्या मातीचा एक उघडा पट्टा दिसूं लागतो. नैसर्गिक सरोवरास असा पट्टा सहसा नसतो; म्हणून जाणत्या मनुष्यास हें पाणी बांधलेलें आहे हें तेवढ्यावरून ओळखतां येतें.

आतां रानाकडे वळूं. उंब्रजेहून साताऱ्यास जाऊन तेथून पश्चिमेची वाट धरली म्हणजे प्रथम कासचें पठार लागतें. येथें जांभ्या दगडावर मातीचा अगदीं पातळ थर आहे. तींत मोठीं झाडें तग धरूं शकत नाहींत, परंतु पावसाळ्याच्या अखेरीस नाना जातींचीं रानफुलें फुलतात. जवळच कासचें तळें आहे. त्याचें पाणी सातारा शहरास जातें. पठारावरून घाट उतरला कीं बामणोली गांव येतें आणि समोर शिवसागर पसरलेला दिसतो. वनखात्याचा परवाना काढून येथून मोटारबोटीनें पलीकडे जातात. पैलतीरावरून चालत चढलें म्हणजे वासोटा, ऊर्फ व्याघ्रगड, हा जुना दुर्गम किल्ला लागतो. वाटेंत रान इतकें दाट आहे कीं भर दुपारींहि अंधारल्यासारखें वाटतें. जांभूळ, अंजनी, हिरडा, ऐन, किंजळ यांची दाटी, खालीं कारवीचें जाळें, आणि या सर्वांत गवे, सांबर, भेकर, अस्वल व बिबट्या यांची वस्ती. वर फांद्यांतून शेंकरू उड्या घेतें. किल्ल्याच्या माथ्यावरून पूर्वेस निळें पाणी आणि पश्चिमेस कोंकणांत तुटलेले कडे एकाच वेळीं दिसतात. हा प्रदेश १९८५ सालीं कोयना अभयारण्य म्हणून राखण्यांत आला. पुढें २०१० सालीं हें अभयारण्य व दक्षिणेकडील चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्रि व्याघ्रप्रकल्प झाला, आणि २०१२ सालीं कास, कोयना व चांदोली यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादींत झाला.

एकदां आम्ही बामणोलीहून पलीकडे जात असतां वृद्ध नावाड्यास मीं सहज विचारलें, "बाबा, येथें पाणी किती खोल असेल?" त्यानें हात पाण्याकडे करून सांगितलें, "गुरुजी, ते मला कसं ठावं? पन आमचं घर हितंच खाली हाय. पानी चढलं तवा मी लहान हुतो. आई चुलीतला विस्तू घेऊन वर गेली, येवढं ध्येनात हाय." तो पुढें कांहीं बोलला नाहीं. आम्हीहि मग बराच वेळ बोललों नाहीं.

त्याचें घर एकटेंच बुडालें नव्हतें. या पाण्याखालीं सुमारें शंभर गांवांचीं घरें, देवळें व शेतें गेलीं. कांहीं लोक उतारावर वर सरकून राहिले. बाकीच्यांस सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणें अशा दूरच्या जिल्ह्यांत नेऊन वसविण्यांत आलें. डोंगरउतारावर नाचणी व वरी पिकविणाऱ्या मनुष्यास सोलापुराकडील कोरड्या जमिनींत नवा संसार मांडणें किती कठीण, याची कल्पना शेतकऱ्याच्या घरांतील मुलांस सांगावयास नको. कित्येकांच्या जमिनीचे प्रश्न साठ वर्षें लोटलीं तरी पुरते सुटलेले नाहींत. त्यांतच ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनानगरास मोठा भूकंप होऊन पावणेदोनशेंच्या आसपास माणसें प्राणांस मुकलीं. सरोवरांतील पाण्याच्या भारानें व तें खडकांच्या भेगांत मुरल्यानें हा भूकंप जागा झाला असावा, असें अनेक शास्त्रज्ञांचें मत आहे.

पुढें अभयारण्यांतील आणखीहि कांहीं वाड्या बाहेर हलविण्यांत आल्या. नांगर थांबला, कोयती थांबली, गुरें थांबलीं. टाकलेल्या शेतांत प्रथम गवत वाढतें. त्यावर गवे व सांबर चरावयास येतात. मग झुडपें येतात, पक्ष्यांनीं टाकलेल्या बिया रुजतात, आणि कालांतरानें रान आपली जागा परत घेतें. म्हणजे आज जें आपणांस अनादि व अस्पर्श वाटतें, त्यांतील कित्येक जागीं कोणाचें तरी आंगण होतें.

आरंभीं आयर्लंडाचा उल्लेख केला. त्या देशांतहि, डब्लिन शहराच्या दक्षिणेस विक्लो परगण्यांत, लिफी नदी अडवून वीज व पिण्याचें पाणी यांसाठीं एक सरोवर करण्यांत आलें. तें १९४० सालीं भरूं लागलें, आणि तेथील कुटुंबांसहि आपलीं घरें व शेतें सोडावीं लागलीं. आज लोक तेथें शोभा पाहावयास जातात. तात्पर्य, दूरच्या चित्रांतील निळ्या पाण्याखालींहि कोणाची तरी चूल असूं शकते.

मग शिवसागर पाहूं नये काय? अवश्य पाहावा. आपल्या घरीं सायंकाळीं जो दिवा लागतो, त्याच्या उजेडांत या पाण्याचा अंश असतो. पालकांनीं मुलांस तेथें जरूर न्यावें. रानांत गोंगाट करूं नये, कागद व बाटल्या टाकूं नयेत, फुलें खुडूं नयेत, हें सांगावयास नकोच. परंतु बोटींत बसल्यावर एक गोष्ट अधिक करावी. नावाड्यास त्याच्या जुन्या गांवाचें नांव विचारावें आणि घरीं परतल्यावर तें वहींत लिहून ठेवावें. ज्या गांवांचीं नांवें आतां वाटेवरील कोणत्याहि पाटीवर सांपडत नाहींत, तीं निदान आपल्या वह्यांतून राहतील.