सळी वर की खाली?

कॅन्टिलिव्हर बीम, त्यावर यूडीएल, बेंडिंग मोमेंट काढा. पेपरात हा प्रश्न दिसला की आपण खूश! डब्ल्यू एल स्क्वेअर बाय टू, खाली एक डायग्राम, मार्क खिशात. मीही असाच खूश असायचो. पण यंदा मे महिन्यात कुंडलला आमच्या घराचा वरचा मजला काढला आणि हाच प्रश्न पेपरातून उठून थेट दारात आला.

आप्पा म्हणाले, ‘‘बाल्कनी चारऐवजी पाच फूट काढू. एका फुटानं काय हुतंय?’’ मी वही घेतली. बाल्कनी म्हणजे काय, तर एका बाजूनं घट्ट धरलेला, दुसऱ्या बाजूनं मोकळा स्लॅब. हिशेबासाठी त्याची एक मीटर रुंदीची पट्टी घ्यायची. १२ सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचं वजन दर मीटरला ३ किलोन्यूटन, फरशी वगैरे १, आणि उभ्या राहणाऱ्या माणसांसाठी ३. एकूण ७. हा भार सगळीकडे सारखा पसरलेला, म्हणून तो यूडीएल.

चार फूट म्हणजे साधारण १.२ मीटर. एकूण भार ७ गुणिले १.२, म्हणजे ८.४ किलोन्यूटन. आता याला कितीनं गुणायचं? बरेच जण इथंच घसरतात आणि पूर्ण १.२ नं गुणतात. भार पसरलेला आहे, त्यामुळे तो मधोमध एकवटलाय असं धरायचं. भिंतीपासून मध्य ०.६ मीटरवर. ८.४ गुणिले ०.६, म्हणजे सुमारे ५ किलोन्यूटन-मीटर. सूत्रातला ‘बाय टू’ येतो तो इथून. मधल्या एखाद्या ठिकाणचा मोमेंट हवा असेल, तर त्या ठिकाणापासून मोकळ्या टोकापर्यंतचाच भार मोजायचा. म्हणून टोकाला मोमेंट शून्य, मध्यावर भिंतीजवळच्या पाव, आणि भिंतीजवळ पूर्ण.

आता कठडा. अर्ध्या विटेची, मीटरभर उंच भिंत म्हणजे साधारण अडीच किलोन्यूटन. वजन तसं किरकोळ, पण बसलीय अगदी टोकाला. त्यामुळे ती पूर्ण १.२ नं गुणली जाते. ३ किलोन्यूटन-मीटर आणखी वाढले. एकूण ८. हाच हिशेब पाच फुटांना, म्हणजे दीड मीटरला केला, तर उत्तर येतं साडेअकराच्या पुढे. लांबी सव्वापट, मोमेंट जवळपास दीडपट! कारण यूडीएलमध्ये लांबीचा वर्ग होतो. आप्पांनी वही बघितली आणि म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ दे, चारच फूट.’’

मी कॉलर ताठ करून वर गेलो, तर सेंट्रिंगवर सळ्या बांधून तयार. बाल्कनीच्या मुख्य सळ्या सगळ्या तळाला! इंजिनिअरचं ड्रॉइंग होतं, पण ते खाली कपाटात.

‘‘मिस्त्री, या सळ्या वर पाहिजेत.’’

‘‘आरं पोरा, स्लॅबला सळी खालीच असती की. तीस वर्सं झाली मला.’’

खोल्यांच्या स्लॅबला त्यांचं बरोबरच होतं. तो दोन्हीकडे टेकलेला असतो, मध्ये खाली झोळ देतो, तळ ताणला जातो. बाल्कनीचं उलटं. मी खिशातला खोडरबर काढला, वरच्या बाजूला ब्लेडनं चीर पाडली, अर्धा कट्ट्यावर दाबून धरला आणि मोकळं टोक खाली वाकवलं. चीर उघडली. मग तोच उलटा करून वाकवला. चीर मिटली. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून जिथं चीर उघडते, तिथं सळी. मिस्त्रींनी खोडरबर दोनदा वाकवून बघितला. मग पोरांना हाक मारली, ‘‘सोडा रं समदं!’’

यात त्यांना हसण्यासारखं काही नाही. खुद्द गॅलिलिओनं १६३८ च्या पुस्तकात भिंतीतून बाहेर आलेल्या बीमचा हिशेब मांडला, तेव्हा सगळा छेद सारखाच ताणला जातो असं धरलं. खालची बाजू दाबली जाते, हे त्याच्याही हिशेबात नव्हतं.

सळ्या वर आल्या, बाल्कनीच्या लांबीच्या दीडपट आत घरात गेल्या, खाली लोखंडी खुर्च्या लागल्या. काँक्रीट टाकताना त्यांच्यावर कुणी पाय देऊ नये म्हणून मी दिवसभर तिथंच उभा होतो. तुडवून सळी खाली गेली, तर वर बांधून काय उपयोग? टेकू काढतानाही टोकाकडून सुरुवात करून भिंतीकडे यायचं. भिंतीकडचे आधी काढले, तर स्लॅब टोकाच्या टेकूवर टेकतो आणि ताण खाली येतो, जिथं आता सळीच नाही.

आमच्या गावाशेजारीच किर्लोस्करवाडी. १९१० साली इथल्या माळावर कारखाना उभारणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर त्याआधी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवायचे. कागदावरची रेघ लोखंडात उतरली, म्हणून वाडी उभी राहिली. आपली रेघ मात्र पेपर दिला की संपते.

तर दोस्तांनो, पुढच्या वेळी बेंडिंग मोमेंट डायग्राम काढाल, तेव्हा एक प्रश्न स्वतःला विचारा : ताण कुठल्या बाजूला? याला पेपरात कदाचित एकच मार्क असेल. पण आमच्या बाल्कनीत आता रोज संध्याकाळी आजी बसते.