आईचं नाव कागदावर आलं, पण मुलीचं नाव सातबाऱ्यावर येणार का?

अहमदनगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर करायला राज्य मंत्रिमंडळाने १३ मार्च २०२४ रोजी मंजुरी दिली. १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकरांचं नाव जिल्ह्याला मिळालं. त्याच्या दोनच दिवस आधी याच मंत्रिमंडळाने नावाबद्दलच आणखी एक निर्णय घेतला होता. तो थेट तुमच्या-आमच्या घरातला आहे.

काय होता तो निर्णय?

१ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदपत्रांवर अशी लिहायची: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. विवाहित बाईसाठी मात्र स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव ही पद्धत कायम राहिली.

लग्नानंतर नाव बदलावंच लागतं का?

नाही. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहायची रीत अनेक घरांत आहे, पण ती रीत आहे, कायदा नाही. माहेरचं नाव आयुष्यभर ठेवता येतं.

मग खरी अडचण कुठे आहे?

सातबाऱ्यावर. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायदा बदलून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. हा हक्क जन्मापासून आहे आणि २००५ पूर्वी वडील वारले असले तरी तो जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं.

तरीही वडील गेल्यावर बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. ‘लग्नात खर्च केलाच की’, ‘भावाशी वाकडं कशाला?’ असं समजावलं जातं. वाटा मागितला तर माहेर तुटेल, ही भीती खोटी नसते. म्हणून अनेकजणी गप्प सही करतात.

सही करण्याआधी काय लक्षात ठेवावं?

- हक्कसोडपत्र द्यायची कुठलीही सक्ती नाही.
- जमिनीचा हक्क नुसत्या तोंडी बोलण्याने सुटत नाही. त्यासाठी नोंदणीकृत दस्त लागतो.
- एकदा नोंदणी झाली की मागे फिरणं फार अवघड असतं.
- वारसनोंदीत आई आणि मुलींचीही नावं लागली आहेत का, हे तलाठ्याकडे तपासा.
- सातबाऱ्यावर नाव नाही, एवढ्यानेच हक्क संपत नाही.

जिल्ह्याच्या पाटीवर बाईचं नाव लागलं, मुलांच्या दाखल्यावरही आलं. सातबाऱ्यावर ते लावायचं की नाही, हे मात्र घराघरांतच ठरणार आहे.