कुंपणाविना राखलेले शिवार

बांधाच्या वितभर जमिनीसाठी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात, हे आपण पाहतोच. इंग्लंडमधील एका लहानशा खेड्याने हा प्रश्न कसा सोडविला, ते आज पाहू.

या खेड्याचे नाव लॅक्स्टन. ते नॉटिंगहॅमशायर परगण्यात आहे. गावाला पश्चिमेचे, दक्षिणेचे व गिरणीचे अशी तीन मोठी शिवारे आहेत. प्रत्येक शिवारात लांबट पट्टे आहेत आणि मध्ये कुंपण नाही. एकाच शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शिवारांत विखुरलेले असतात, म्हणजे हलकी-भारी जमीन सर्वांच्या वाट्याला येते. एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातील पीक आणि तिसरे पूर्वी पडीक ठेवीत. आता तेथे गवत-चारा घेतात. दरवर्षी हा क्रम फिरतो.

इंग्लंडात एकेकाळी अशी शिवारे गावोगाव होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटच्या कायद्यांनी बहुतेक ठिकाणी कुंपणे पडली आणि अनेक गरिबांचे चराईचे हक्क गेले. लॅक्स्टनची शिवारे मात्र शिल्लक राहिली. १६३५ साली मार्क पियर्सने काढलेल्या गावच्या नकाशात एकेक पट्टा दाखविलेला आहे.

मग कुंपण नसताना हद्द राखतो कोण? गावच! नोव्हेंबरअखेरीस पंचमंडळी गव्हाच्या शिवारात फिरतात, हद्दीला खुंट्या ठोकतात आणि कोणी नांगर वाटेवर घातला आहे का, ते पाहतात. पुढे गावची न्यायसभा भरते. दोषी शेतकऱ्याला लहानसा दंड होतो. रक्कम किरकोळ, पण चार माणसांत नाव निघते, याचीच लाज मोठी!

गावच्या इमारतीही हीच कथा सांगतात. शेते विखुरलेली, म्हणून घरे गावातच एकवटली. लाल विटांची, कौलारू घरे रस्त्याकडे अरुंद बाजू करून उभी आहेत. मागे अंगण, गोठे व कोठारे. भटक्या जनावरांसाठी कोंडवाडा आहे. जवळच संत मायकेलचे जुने दगडी चर्च आहे. उत्तरेला नॉर्मन सरदारांच्या गढीचे मातीचे उंच टेकाड तेवढे उरले आहे.

येथील बहुतेक शेतकरी कुळे आहेत. १९५२ साली सरकारच्या शेतकी खात्याने हे गाव जमीनदाराकडून विकत घेतले. १९८१ मध्ये ते राजघराण्याच्या मालमत्तेत गेले आणि २०२० साली शेजारच्या थोर्सबी इस्टेटने घेतले. मालक बदलले, ट्रॅक्टर आले, पण पंचांची फेरी चुकली नाही.

गढी गेली, पण शेतकऱ्यांनी एकमेकांना दिलेला शब्द टिकला. वाचकहो, हद्द खुंटीने दाखविता येते. ती राखावी लागते माणसांनीच.