डोमेन नावांचा शोध : संगणकीय नामव्यवस्थेचे कार्य आणि विश्वासार्हता

इंटरनेटवरील संगणक परस्परांना नावांनी नव्हे, तर अंकांनी ओळखतात. माणसाच्या स्मरणात मात्र अंकांपेक्षा नावे अधिक टिकतात. या दोन भिन्न गरजांची सांगड घालणारी यंत्रणा म्हणजे डोमेन नेम सिस्टिम, अर्थात डीएनएस होय. महाविद्यालयीन वर्तुळात तिची चर्चा बहुधा संकेतस्थळ बंद पडल्यावरच होते. प्रस्तुत लेखात या यंत्रणेचे कार्य व तिच्यातील विश्वासाचा प्रश्न यांचा विचार केला आहे.

इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवर सर्व संगणकांची नावे व अंकपत्ते एकाच फाइलमध्ये नोंदविलेले असत. कॅलिफोर्नियातील एसआरआय या संशोधन संस्थेतील एलिझाबेथ फाइन्लर यांच्या नेतृत्वाखालील केंद्र ती अद्ययावत ठेवी आणि इतर संगणक तिची प्रत उतरवून घेत. संगणकांची संख्या वाढताच ही पद्धत अपुरी पडली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नवी, विकेंद्रित रचना मांडली. १९८७ मधील तिचे सुधारित रूप आजही पायाभूत मानले जाते. जुन्या फाइलचा अवशेष 'होस्ट्स' या नावाने आजच्या संगणकांतही आढळतो, ही बाब लक्षणीय आहे.

नव्या रचनेत नाव उजवीकडून डावीकडे उलगडत जाते. 'एसी डॉट इन' ने संपणारे एखाद्या महाविद्यालयाचे नाव वापरकर्त्याने टंकित केले, की संगणक प्रथम स्वतःकडील नोंदी पाहतो. तेथे उत्तर न मिळाल्यास तो रिझॉल्व्हर या मध्यस्थ सर्व्हरला विचारतो. हा मध्यस्थ मूळ सर्व्हरकडे जातो. मूळ सर्व्हर उत्तर देत नाही, केवळ 'इन' ची जबाबदारी कोणाकडे आहे ते सांगतो. अशा रीतीने टप्प्याटप्प्याने पुढे जात अखेर महाविद्यालयाच्या अधिकृत नामसर्व्हरकडून अंकपत्ता मिळतो. मूळ सर्व्हरांची नावे 'ए' ते 'एम' अशी तेरा आहेत. त्यावरून जगात तेराच यंत्रे हे काम करतात असा समज रूढ झाला आहे. तो यथार्थ नाही. एनीकास्ट पद्धतीमुळे एकाच पत्त्यावर जगाच्या निरनिराळ्या भागांतील अनेक यंत्रे उत्तर देत असतात.

प्रत्येक वेळी हा सर्व प्रवास करणे परवडणारे नाही. म्हणून रिझॉल्व्हर मिळालेले उत्तर ठरावीक काळ साठवून ठेवतो. हा काळ अधिकृत सर्व्हरच सेकंदांत नेमून देतो; ८६,४०० असा आकडा दिल्यास उत्तर एक दिवस जपले जाते. संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलविल्यानंतर एका प्राध्यापकाला नवे पान व दुसऱ्याला जुनेच पान दिसते, त्याचे कारण बहुतेकदा हेच असते. स्थलांतरापूर्वी ही मुदत कमी करून ठेवणे एवढाच त्यावरील उपाय आहे, आणि नेमका तोच विसरला जातो.

तथापि या साठ्यातच व्यवस्थेचे मर्मस्थान आहे. आलेले उत्तर खरे की बनावट, हे रिझॉल्व्हर मुख्यतः प्रश्नाला जोडलेल्या क्रमांकावरून ठरवीत असे आणि या क्रमांकाच्या शक्यता केवळ ६५,५३६ होत्या. खरे उत्तर येण्याआधी क्रमांक जुळणारे बनावट उत्तर पोहोचले, तर तेच साठविले जाई. एक प्रयत्न फसल्यास साठविलेल्या उत्तराची मुदत संपेपर्यंत हल्लेखोराला थांबावे लागते, हाच काय तो दिलासा मानला जात होता. २००८ मध्ये डॅन कामिन्स्की यांनी तोही फोल असल्याचे दाखविले. एकाच डोमेनखालील अस्तित्वात नसलेली नवनवी नावे विचारीत गेल्यास प्रतीक्षेची गरजच उरत नाही आणि बनावट उत्तराच्या जोडीने संपूर्ण डोमेनच चुकीच्या सर्व्हरकडे वळविता येते. वापरकर्त्याने नाव अचूक टंकित केले, तरी तो भलत्याच ठिकाणी पोहोचू शकतो. तातडीचा उपाय म्हणून प्रश्न पाठविण्याचा पोर्ट क्रमांकही यादृच्छिक करण्यात आला.

मूलगामी उपाय म्हणजे उत्तरावर अंकीय स्वाक्षरी करणारी डीएनएससेक ही पद्धती. जुलै २०१० मध्ये मूळ क्षेत्रावर अशी स्वाक्षरी झाली. परंतु डोमेनधारकाने आपल्या नोंदींवर स्वाक्षरी करणे व रिझॉल्व्हरने ती तपासणे, या दोन्ही गोष्टी घडल्याशिवाय तिचा लाभ मिळत नाही. शिवाय स्वाक्षरीमुळे उत्तराची सत्यता कळते, गुप्तता लाभत नाही. कोणी कोणते नाव शोधले, हे वाटेतील यंत्रणेला दिसतच राहते. २०१८ मध्ये प्रमाणित झालेली, प्रश्न एचटीटीपीएसमधून पाठविण्याची पद्धत ही उणीव भरून काढते. मात्र सर्व प्रश्न पाहण्याचा अधिकार त्यामुळे निवडलेल्या रिझॉल्व्हरच्या चालकाकडे जातो.