स्वतः बांधलेल्या घरातील थंड हवेचा डक्ट : हिशेब आणि अनुभव

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिचा खरा अर्थ आम्हाला सन २०१४ मध्ये, भूम येथे स्वतःचे घर बांधावयास काढले तेव्हा कळला. बँकेतील नोकरी, डोक्यावर गृहकर्ज आणि हाताखाली एक गवंडी व दोन मजूर, एवढ्या भांडवलावर दोन खोल्या, स्वयंपाकघर व ओटा असे घर उभे राहिले. आमच्या आईने उभा जन्म पत्र्याच्या छपराखाली काढला होता. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी त्या घरात बसवत नसे. आमचा अभ्यासही लिंबाच्या झाडाखाली झाला. म्हणून नव्या घरात आईची खोली थंड असावी, हा आमचा पहिला हट्ट होता.

एकच मोठा कूलर घेऊन त्याची हवा पत्र्याच्या चौकोनी नळातून दोन्ही खोल्यांत न्यावी असे आम्ही ठरविले. या नळालाच डक्ट म्हणतात. थंड देशांतील घरांत अशाच डक्टमधून हिवाळ्यात भट्टीची गरम हवा व उन्हाळ्यात गार हवा फिरवितात. आपल्याकडे थंडीचे दिवस थोडे. ते गोधडीत निघतात. आपला खरा प्रश्न उन्हाळ्याचा आहे.

सन २०१५ च्या उन्हाळ्यात डक्ट बसला, कूलर सुरू झाला. पहिला तासभर सर्वांना आनंद झाला. थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही दारे-खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या. दुपार कलेपर्यंत अंथरूण दमट झाले, अंग चिकचिकू लागले. आईने बाज उचलावयास लावली आणि पुन्हा झाडाखाली टाकली. जाता जाता म्हणाली, “आरं, वारं आत येतंय, पर बाहीर जातंय कुठनं? ही खोली हाय का न्हाणी?”

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. जे आम्हाला पुस्तकाशिवाय कळले नाही ते तिला अंगाने कळले. या लेखाचे सारही तिच्या त्या प्रश्नातच आहे. आमच्या सभासद बंधू-भगिनींपैकी अनेकजण घर बांधण्याच्या तयारीत आहेत. आमची चूक त्यांच्या उपयोगी पडावी, या हेतूने हे लिहीत आहोत.

गारवा येतो कोठून?

माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने कूलरची हवा गार होते. पाण्याची वाफ होताना ते उष्णता शोषून घेते. एक लिटर पाणी हवेत विरून जाण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. कूलरमध्ये ही उष्णता आत ओढलेल्या गरम हवेतून जाते. म्हणून हवा जितकी कोरडी तितका गारवा अधिक.

बाहेर ४२ अंश सेल्सिअस तापमान व हवेत २० टक्के आर्द्रता असेल, तर ओले फडके गुंडाळलेला तापमापक सुमारे २४ अंश दाखवितो. म्हणजे १८ अंशांचा फरक. चांगले पॅड त्यातला साधारण तीन-चतुर्थांश फरक भरून काढते. तेव्हा कूलरच्या तोंडाशी २८ ते २९ अंशांची हवा मिळते. पावसाळ्यात ३० अंश व ७५ टक्के आर्द्रता असताना हाच कूलर जेमतेम तीन अंश उतरवितो. यंत्र बिघडलेले नसते. हवेत पाणी मावण्यास जागा उरलेली नसते.

बंद खोलीत नेमके हेच घडते. दमट हवा आत साठते आणि उन्हाळ्यातच खोलीत श्रावण अवतरतो. वातानुकूलन यंत्र खोलीतली तीच हवा पुन्हा पुन्हा फिरविते, म्हणून तेथे खिडक्या बंद लागतात. कूलर सतत नवी हवा आणतो, म्हणून येथे जुन्या हवेला वाट द्यावीच लागते. दोन्हींचे नियम उलटे आहेत हे ध्यानात ठेवावे.

हवेच्या वाटेचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. पाली भाषेत खिडकीला ‘वातपान’ म्हणतात. शब्दातच वारा आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंच्या निवासासाठी कठड्याची, जाळीची व सळयांची अशा तीन प्रकारच्या खिडक्यांना अनुमती आहे. त्याच ग्रंथात शेकण्याच्या खोलीतील धूर बाहेर नेण्यासाठी ‘धूमनेत्त’, म्हणजे धुराचे नळकांडे सांगितले आहे. आपल्याच जिल्ह्यातील नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात सन १६१३ मध्ये बांधलेला पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातील त्या कारागिरांनीही पाण्याजवळच्या दालनाला बाहेर उघडणारी खिडकी ठेवली आहे. सहलीला जाल तेव्हा ती अवश्य पाहावी.

मापांचा हिशेब

मापे काढण्यास गुणाकार-भागाकार पुरतो. खोली १० फूट रुंद, १२ फूट लांब व १० फूट उंच असेल तर तिच्यात १२०० घनफूट हवा मावते. आपल्याकडील कोरड्या उन्हाळ्यात ही हवा दर दोन मिनिटांनी बदलावी. म्हणजे एका खोलीस मिनिटाला ६०० घनफूट, दोन खोल्यांस १२०० घनफूट हवा लागेल. तासाच्या हिशेबाने ही सुमारे २०४० घनमीटर होते.

डक्टमध्ये हवेचा वेग मिनिटाला १००० फुटांच्या आसपास ठेवावा. वेग वाढला की आवाज वाढतो. १२०० ला १००० ने भागले की १.२ चौरस फूट येते. त्यासाठी १२ इंच बाय १४ इंचांचा मुख्य डक्ट चालतो. पुढे एका खोलीची शाखा ९ इंच बाय १० इंचांची पुरते. आम्ही पहिल्या वेळी स्वस्तात पडावा म्हणून कारागिराला सर्वत्र ८ इंच बाय ८ इंचच सांगितला होता. त्याने सांगितले तसे केले. दोष आमचा होता.

हवा बाहेर जाण्याची वाट डक्टच्या तोंडाच्या दुप्पट असावी. ९ बाय १० इंचांच्या तोंडासाठी समोरच्या भिंतीत, शक्यतो वरच्या बाजूस, १२ बाय १५ इंचांचा झरोका ठेवावा. झरोका नसेल तर समोरची खिडकी तेवढी उघडी ठेवावी. झरोका व डक्टचे तोंड एकाच भिंतीत असू नये. तसे केल्यास गार हवा खोलीत न फिरता आल्या वाटेने निघून जाते.

आणखी एक गोष्ट. पुढे पात्यांचा पंखा असलेला साधा कूलर लांब डक्टमधून हवा ढकलू शकत नाही. त्यासाठी पिंजऱ्यासारखा फिरणारा ब्लोअर असलेला कूलर लागतो. शिवाय खोक्यावर छापलेला आकडा डक्ट नसतानाचा असतो. म्हणून गरज २०४० घनमीटरची असेल तर ३००० चा कूलर घ्यावा.

पत्र्याचे काम

दुसऱ्या खेपेस आम्ही बार्शीहून २४ गेजचा जस्ती पत्रा आणला. आमच्या भाच्याने आयटीआयमध्ये शीट मेटलचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. मामा मापे धरी, भाचा पत्रा कापी. तीन रविवारांत काम झाले. त्यातून शिकलेल्या गोष्टी अशा :

१) भिंतीतील वाट बांधकाम चालू असतानाच ठेवावी. तीवर लिंटेल टाकावी. मागाहून बीम, कॉलम अथवा स्लॅबला छिन्नी लावू नये. घराची ताकद तेथेच असते.

२) कूलर उत्तरेस किंवा पूर्वेस, सावलीत ठेवावा. संडासाचा नळ व स्वयंपाकघराचा धूर त्याच्याजवळ नसावा. छतावर ठेवावयाचा असल्यास १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन हे लक्षात घेऊन त्याचा सांगाडा भिंतीच्या अथवा बीमच्या डोक्यावर उभा करावा.

३) काटकोनी वळण टाळावे. वळणाच्या आतल्या बाजूची गोलाई डक्टच्या रुंदीइतकी तरी असावी. चौक ओलांडताना माणसांची गर्दी जशी कोपऱ्यावर तुंबते, तशी हवाही कोपऱ्यावर तुंबते.

४) दोन तुकडे जोडताना कूलरकडचा तुकडा पुढच्या तुकड्यात शिरवावा. उलट केल्यास पत्र्याची कड वाऱ्याच्या तोंडावर येते. जोडावर रिव्हेट मारून फटी सिलिकॉनने बुजवाव्यात.

५) डक्टला कूलरकडे किंचित उतार द्यावा. त्यामुळे सोबत आलेले पाण्याचे थेंब मागे फिरतात, गादीवर पडत नाहीत.

६) कूलर व डक्ट यांच्यामध्ये कॅनव्हासचा चार-सहा इंचांचा पट्टा ठेवावा. यंत्राची थरथर पत्र्यात व पत्र्याची भिंतीत जात नाही.

७) प्रत्येक शाखेत हाताने फिरविता येईल अशी झडप बसवावी. रिकाम्या खोलीची हवा बंद करता येते.

८) छतावरून जाणारा डक्ट उन्हात उघडा राहू नये. तापलेल्या पत्र्यातून गार हवा नेणे म्हणजे गळक्या घागरीने पाणी भरणे होय. वरून हवाबंद फोमचे आवरण व पांढरा रंग द्यावा. थर्माकोल चटकन पेट घेतो, म्हणून तो वापरू नये.

पाण्याचा हिशेब

येथवर वाचून कोणास वाटेल की प्रश्न सुटला. तो सुटला नाही, कारण लगेच सन २०१६ चा उन्हाळा आला. शेजारच्या लातूरला त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. भूममध्येही टँकरची वाट पाहणे चालू होते.

वर सांगितलेल्या मापाने एका खोलीस तासाला सुमारे सहा लिटर पाणी लागते. दोन खोल्या, आठ तास, म्हणजे जवळजवळ १०० लिटर. बोअरच्या जड पाण्याने पॅडवर क्षार धरतात, म्हणून काही पाणी बदलावेही लागते, ते वेगळेच. घागरीच्या भाषेत या आठ घागरी झाल्या. गल्लीतल्या बाया चार घागरींसाठी रांगेत उभ्या असताना आपल्या छतावर आठ घागरी वाऱ्यावर सोडणे आईला मान्य नव्हते. आम्हालाही झाले नाही.

तेव्हा आम्ही पुढीलप्रमाणे क्रम लावला आणि तोच आजही पाळतो. दुपारी एक ते चार, फक्त एका खोलीची झडप उघडी आणि पंप चालू. खर्च १८ लिटर, म्हणजे दीड घागर. रात्री दहानंतर पंप बंद, नुसता ब्लोअर चालू, दोन्ही झडपा व सर्व झरोके उघडे. दिवसभर तापलेल्या विटा बाहेरच्या गार हवेने रात्रीतून निवतात आणि दुसरी दुपार सुसह्य होते. यास पाण्याचा थेंबही लागत नाही. सकाळी उन्हे येण्यापूर्वी सर्व बंद करावे. छताला चुन्याचा पांढरा हात व पश्चिमेच्या भिंतीला सावली, ही दोन कामे तर डक्टच्याही आधी करावीत.

वीज आणि आरोग्य

कूलरचा धक्का लागून माणसे दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. पाणी, पत्रा आणि वीज येथे एकत्र येतात. म्हणून तीन पिनांचा प्लग, खरी अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी या तीन गोष्टींत काटकसर करू नये. पाणी भरताना व साफसफाई करताना प्लग काढून ठेवावा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. डेंग्यू पसरविणारा डास साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. तेव्हा आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करावी.

शेवटी दोन शब्द. घरकुल योजनेत २६९ चौरस फुटांचे घर बांधणाऱ्या बांधवांना डक्टची गरज नाही. खिडकीत लहान कूलर आणि समोरच्या भिंतीत वर झरोका एवढे पुरते. तो झरोका मात्र वीटकाम चालू असतानाच गवंड्याकडून ठेवून घ्यावा. त्यास वेगळा खर्च नाही. विद्यार्थ्यांना सांगणे इतकेच की गणित, भूगोल आणि पदार्थविज्ञान ही केवळ परीक्षेपुरती नसतात. ज्या भाच्याने आमचा डक्ट केला, तो आज याच कामावर आपले घर चालवितो.

आईची बाज आता दुपारी घरातच असते. झरोका मात्र ती स्वतः उघडते. आमच्यावर तिचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.