‘से’ की ‘टेल’? मराठीलाच विचारा!

२००० सालापासून आपल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. अभ्यास घेताना आई अडखळली, की ‘आईला येत नाही’ असं मुलांच्या मनात बसतं आणि मग ती विचारायचीच बंद होतात. हे व्हायला नको ना? मग ‘से’, ‘टेल’, ‘स्पीक’, ‘टॉक’ या चौघांपासून सुरुवात करू या. भगिनींनो, यांची निम्मी किल्ली आपल्या मराठीतच आहे!

‘से’ म्हणजे म्हणणे, ‘टेल’ म्हणजे सांगणे. प्रार्थना म्हणतो, तिथे ‘से’. गोष्ट सांगतो, वेळ सांगतो, तिथे ‘टेल’. ‘मला सांग’मधल्या ‘ला’पायी मुलं ‘टेल टू मी’ म्हणतात. तो ‘टू’ काढायला लावा. ‘से’ला मात्र ‘टू’ हवा : ‘से थँक्यू टू आजी’.

‘स्पीक’ आणि ‘टॉक’ दोन्ही बोलणेच. मराठी बोलतो, हिंदी बोलतो, तिथे ‘स्पीक’. दोघी जणी गप्पा मारत बसल्या, तर ‘टॉक’.

दोन ठिकाणी मात्र मराठी चकवते, बरं का! आपण खोटं ‘बोलतो’. इंग्रजीत तिथे ‘टेल’ येतं. आपण गाणं ‘म्हणतो’. तिथे ‘से’ नव्हे, ‘सिंग’.

पोळ्या लाटता लाटता ‘खरं सांग’, ‘ताईला सांग’, ‘ती काय म्हणाली?’ अशी वाक्यं मुलांना घालावीत आणि क्रियापद ओळखायला लावावं. कणीक संपेपर्यंत दहा वाक्यं सहज होतात!